महाराष्ट्राचे राज्यसभेत किती खासदार आहेत, आणि हा आकडा कधी बदलला?

19. आणि 1960 पासून तो बदललेलाच नाही! 1952 ला मुंबई राज्याच्या 17 जागा होत्या, 1956 च्या पुनर्रचनेनंतर 27 झाल्या. 1960 ला विभाजन झालं, तेव्हा महाराष्ट्राला 19 आणि गुजरातला 11 मिळाल्या.

सूत्र असं होतं: पहिल्या 50 लाख लोकसंख्येला दर 10 लाखांमागे एक जागा, पुढे दर 20 लाखांमागे एक. 1951 च्या सुमारे 3 कोटी 20 लाखांवर हिशेब केला की 19 येतात. नंतर लोकसंख्या कितीतरी वाढली, जागा तेवढ्याच. माझ्या मते हे अन्यायाचं आहे.

सगळे 19 एकदम निवडले जात नाहीत. दर दोन वर्षांनी 6, 6 किंवा 7 निवृत्त होतात. मतदान विधानसभेचे 288 आमदार करतात आणि प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात. 6 जागा असतील तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढताना जागांपेक्षा एक जास्त आकड्याने भागायचं: 288 × 100 ÷ 7 = 4114, अधिक 1 म्हणजे 4115, म्हणजेच पहिल्या पसंतीची 42 मतं.

घोळ होतो तो मत दाखवताना. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका फक्त स्वतःच्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीलाच दाखवायची, दुसऱ्याला दाखवली की मत बाद. 2022 ला 285 आमदारांनीच मतदान केलं, त्यातलं एक मत बाद झालं, वैध मतं 284 उरली आणि कोटा 41 वर आला.