अमेरिका-मेक्सिको सीमेवर पहिल्यापासूनच एवढा बंदोबस्त होता का?

नाही. बॉर्डर पेट्रोल हे दलच मुळी 28 मे 1924 ला उभं राहिलं. त्याआधी 1904 पासून मूठभर घोडेस्वार गस्त घालायचे, तेही मुख्यतः चिनी लोकांना अडवायला, कारण 1882 च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी होती. 1924 च्या कायद्यानं कुठल्या देशातून किती लोक येऊन स्थायिक होऊ शकतात याचा कोटा ठरवला, पण तो मेक्सिकोला लागूच नव्हता. शेतमालकांना मजूर हवे होते.

ही गोष्ट आमच्या यवतमाळकडच्या माणसाला लवकर कळते. दिवाळीनंतर कापूस वेचायला बाहेरगावचे मजूर आले नाहीत तर बोंडं झाडावरच राहतात. तिकडेही तसंच होतं. 1942 ते 1964 या काळात ‘ब्रासेरो’ योजनेत सरकारनंच मेक्सिकन मजूर बोलावले, करार झाले सुमारे 46 लाख. टेक्सासचा कापूस त्यांनीही वेचला. आणि याच काळात, 1954 मध्ये, धरपकड करून लाखोंना परतही पाठवलं! एका हातानं बोलवायचं, दुसऱ्यानं हाकलायचं, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

योजना बंद झाली, 1965 च्या कायद्यानं पश्चिम गोलार्धातून, म्हणजे मेक्सिकोसह अमेरिका खंडांतल्या देशांतून, येणाऱ्यांच्या संख्येलाही मर्यादा आली. शेतातलं काम होतं तिथंच होतं. मग तेच मजूर कागदांशिवाय येऊ लागले आणि ‘बेकायदेशीर’ ठरले.

1994 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहराजवळ सीमेवर कुंपण आणि पहारा वाढवला. लोक थांबले नाहीत, ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कोणी शेतात थांबत नाही. ती माणसं तसल्या उन्हात दिवसच्या दिवस चालत होती. कित्येक जण पाण्यावाचून मेले.