ऑगस्टमध्ये पिल्लं का खंगतात?

प्रश्न (काटोल) : घरच्या २५ बेरारी शेळ्या आहेत. दोन एकर पडीक, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ. बोकड मटणासाठी विकतो. विकतचं खाद्य आणि औषधं शक्यतो नकोत. पण दर ऑगस्टमध्ये पिल्लं खंगतात, जबड्याखाली सूज येते, काही दगावतात. चारा तर तेव्हा भरपूर असतो. चुकतं कुठे?

उत्तर : जबड्याखालची सूज बहुतेक वेळा रक्त पिणाऱ्या पोटातल्या जंतांची असते. लेंड्यांतली अंडी पावसाळी उबेत चार-पाच दिवसांत अळ्या होतात आणि ओल्या गवतावर चढतात. कळप रोज त्याच तुकड्यावर सोडला की आपल्याच लेंड्यांतले जंत पुन्हा पोटात. मे महिन्याचं नागपुरी ऊन अळ्या मारतं, म्हणून दुखणं पावसात वर येतं.

पडीत जमिनीचे बांबू आणि जाळी लावून दहा कप्पे करा. एका कप्प्यात साडेतीन दिवस, म्हणजे पहिल्या कप्प्यात कळप पस्तीस दिवसांनी परततो. अळ्या तयार होण्याआधी कळप पुढे गेलेला असतो, आणि परतेपर्यंत बहुतेक अळ्या मेलेल्या असतात. दव सुकल्याशिवाय कळप सोडू नका. गवत चार बोटांवर आलं की दिवस पुरे झाले नसले तरी हलवा. अळ्या बुडाशीच जास्त असतात.

दोन एकरांत २५ शेळ्यांचं पोट भरणार नाही, हे मात्र धरून चला. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवं आणि ३०० ते ४०० ग्रॅम तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) लागतं. शेवरीच्या फांद्या दोरीला उंच टांगून द्या, तिथे जंत पोचत नाहीत. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको. त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाने केस गळतात.

जंतांचं औषध बंद करू नका, सरसकट पाजणं बंद करा. दर पंधरा दिवसांनी खालची पापणी ओढून बघा. लालसर असेल तर सोडून द्या, पांढरट, म्हणजे रक्त कमी झालेलं, असेल त्याच जनावराला पाजा, तेही वजन करून. अंदाजाने कमी पाजलं की जंत औषधाला सरावतात. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध नको. आणि बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तो बोकड विकू नका; गिऱ्हाइकाशी प्रामाणिक राहायचं तर हे पाळावंच लागतं.

प्रश्न (उमरेड) : लस टोचली तर बोकड 'नैसर्गिक' म्हणता येईल का?

उत्तर : लस टोचाच. चाऱ्यावर वाढवणं म्हणजे रोगाला मोकळं रान देणं नव्हे. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस तिसऱ्या महिन्यानंतर, आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) मे महिन्यात. पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर उपाशी पोटी सोडलेली सर्वांत गुटगुटीत पिल्लं रात्रीतून जातात, ती याच आंत्रविषाराने. म्हणून त्या दिवसांत आधी कुटार, मग रान.

प्रश्न (हिंगणा) : ज्वारीचा हिरवा चारा कधीपासून द्यावा?

उत्तर : फुलोऱ्यात आल्यावर. कोवळ्या ज्वारीत, त्यातही पावसाचा ताण पडलेल्या, सायनाइडचं विष असतं. कापणीनंतरचे कोवळे फुटवेही तितकेच घातक, तेव्हा त्या वावरात कळप मोकळा सोडू नका.