फॉकनर यांची 'द साउंड अँड द फ्यूरी' पहिल्याच प्रकरणात अडते. ती कशी वाचावी?

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांची 'द साउंड अँड द फ्यूरी' (१९२९) दोनदा हाती घेऊनही पहिले प्रकरण ओलांडता आले नाही, तेव्हा आधी कथासार वाचून घ्यावे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. मीही ही कादंबरी तिसऱ्या खेपेस पूर्ण केली. दुसऱ्या खेपेस कोणता प्रसंग कोणत्या सालचा, याची नोंद करण्यासाठी मी वही घेऊन बसलो होतो. वहीची बरीच पाने भरली, परंतु ज्या मुलीभोवती हे सारे फिरते, त्या कॅडीविषयी मला तोवर काहीच वाटू लागले नव्हते.

सुरुवातीला इतकेच माहीत असले तरी पुरे: मिसिसिपीतील जेफरसन या काल्पनिक गावातले काँप्सन घराणे उतरणीला लागले आहे, कादंबरीचे भाग चार आहेत, त्यांपैकी तीन १९२८ च्या एप्रिलमधील लागोपाठच्या तीन दिवसांचे आहेत, पण ते क्रमाने येत नाहीत, आणि दुसरा भाग थेट २ जून १९१० चा आहे.

पहिला भाग कॅडीचा भाऊ बेंजी याचा. तो तेहतीस वर्षांचा आहे, त्याला बोलता येत नाही आणि काल व आज यांतला भेद त्याला कळत नाही. अगदी आरंभीच तो लस्टर या मुलाबरोबर कुंपणातून जाताना खिळ्याला अडकतो. लस्टर करवादतो, पुन्हा त्याच खिळ्याला अडकलास म्हणून. लगेच पुढच्या वाक्यात, तिरप्या अक्षरांत, कॅडी त्याला सोडवते आणि दोघे वाकून पुढे सरकतात. आता नाताळ जवळ आला आहे, हात गारठले आहेत आणि बेंजी लहान आहे. मधली पंचवीसेक वर्षे एका खिळ्यापाशी गळून पडली आहेत. आपल्याला एखादी गोष्ट आठवते, तसे हे आठवणे नव्हे. बेंजीच्या लेखी कॅडी तिथे आहेच. म्हणून या भागात वाचकाचा जो गोंधळ होतो, तो मी वाचनातला दोष मानत नाही. तरीही आधार हवाच असेल, तर बेंजीला कोण सांभाळत आहे, तेवढे पाहावे: व्हर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर त्यानंतरची वर्षे, लस्टर असेल तर १९२८.

एका ठिकाणी मराठी वाचकाला सोय अधिक आहे. कुंपणापलीकडच्या मैदानावर गोल्फ खेळणारे 'कॅडी' अशी हाक मारतात आणि बेंजी विव्हळू लागतो. इंग्रजीत खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला मारलेली हाक आणि बहिणीचे नाव यांचे स्पेलिंग वेगळे असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याचे हे निसटते. देवनागरीत लिहून पाहिले की फरकच उरत नाही. ते मैदान पूर्वी या घराचेच कुरण होते, आणि थोरल्या भावाचे हार्वर्डचे शिक्षण व कॅडीचे लग्न यांसाठी ते विकले गेले, हे पुढे कळते तेव्हा त्या हाकेचा अर्थ आणखी बदलतो.

नावांचा घोळ मात्र खरोखरच त्रासदायक आहे. क्वेंटिन दोन आहेत, एक कॅडीचा भाऊ आणि दुसरी कॅडीची मुलगी. जेसनही दोन, कॅडीचे वडील आणि भाऊ. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या समाजात याचे नवल वाटू नये, पण मामाचे नाव भाचीला, हे मला बराच काळ उमगले नाही आणि मी सर्वनामांवर उगाच चिडत राहिलो.

माझ्या मते अधिक अवघड भाग बेंजीचा नसून दुसरा, म्हणजे कॅडीचा भाऊ क्वेंटिन याचा आहे. बेंजीची वाक्ये निदान छोटी आणि स्वच्छ आहेत. क्वेंटिन सुशिक्षित आहे आणि स्वतःच्याच विचारांत बुडत जातो, तशी त्याची विरामचिन्हेही ठिकठिकाणी नाहीशी होतात. तो आजोबांकडून आलेल्या घड्याळाचे काटे उपटून टाकतो, तरी ते टिकटिकतच राहते. हा भाग एका बैठकीत, न थांबता वाचावा. जे कळणार नाही ते सोडून द्यावे. त्यानंतर येणारा धाकटा जेसन क्षुद्र आहे, चोर आहे, परंतु त्याचे बोलणे इतके सरळ आणि खोचक आहे की आपण हसतो आणि मग त्या हसण्याची लाज वाटते. अडलेल्या वाचकाची खरी सुटका तिथे होते.

जेसनचा भाग संपला की चौथ्याकडे वळण्यापूर्वी बेंजीची पहिली वीस पाने पुन्हा वाचावीत. माझ्या त्या वहीचे काम ती पाने स्वतःच करतात. काही आवृत्त्यांत फॉकनर यांनी पुढे लिहिलेले, १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले काँप्सन घराण्याचे परिशिष्ट जोडलेले असते, क्वचित अगदी आरंभी. ते शेवटी वाचावे. चौथ्या भागात डिल्सी ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण ईस्टरच्या सकाळी कामाला लागलेली असते. तिच्या भिंतीवरच्या घड्याळाला एकच काटा आहे. ते पाच टोले देते, आणि ती म्हणते, आठ वाजले.