आधी दोरा, मग विश्व

परवा तलावपाळीवर तू विचारलंस, विश्व गणितानेच बनलंय का? मीही कॉलेजात हेच विचारत फिरायचो, पेपरात मात्र साध्या लंबकाला अडकलो.

उत्तराची घाई नको. आधी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेची गोष्ट नीट समजून घे. युरेनसची चाल चुकते म्हणून त्याने कागदावर एका न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली. १८४६ मध्ये बर्लिनला गाले या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण लावली, नेपच्यून एका अंशाच्या आत सापडला! मग बुधाची चालही चुकते म्हणून त्याच युक्तीने ल व्हेरियेने ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह सांगितला. तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बुधाच्या चालीतली ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनने मिटवली, तीही गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून. गणित दोन्हीकडे चोख होतं बरं का.

तत्त्वज्ञानाची पुस्तकं नंतर. घरी एक मीटर दोऱ्याला कुलूप बांध, थोडंसंच बाजूला ओढून सोड आणि दहा झोके मोज (जाऊन परत आला की एक). साधारण २० सेकंद येतील. मग साठ अंशांवरून सोड. वेळ वाढेल, पुस्तकातलं सूत्र मागे पडेल. का, ते वहीत लिही आणि रविवारी सकाळी उपवनला घेऊन ये.