एकोणतिसावं पान

(वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देत आहेत फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथपाल.)

प्रश्न : शाळेतल्या ग्रंथपालाचं काम म्हणजे पुस्तकं देणं-घेणं आणि उशीर झाला की दंड घेणं, असंच मला वाटायचं. मागच्या अंकात तुम्ही म्हणालात की नव्या पुस्तकांचा खोका आला की अजूनही तुम्हाला रात्री झोप येत नाही. सत्तावीस वर्षं झाल्यावरसुद्धा? त्यात एवढा आनंद कसला, ते सांगाल का? – एक पालक, डिचोली

हो, सत्तावीस वर्षं झाल्यावरसुद्धा. आमच्याकडे खोका येतो तो बहुधा जुलैत, पाऊस ऐन भरात असताना. आमचा प्यून तो रिक्षातून उतरवताना वर स्वतःची छत्री धरतो, आपण भिजला तरी चालेल पण खोका भिजता कामा नये. सुतळी मी कापत नाही, सोडवते. घाई करायची नसते. एकेक पुस्तक बाहेर काढून टेबलावर ठेवायचं, बिलाशी ताडून बघायचं आणि मग उघडायचं.

नवं पुस्तक एकदम मधोमध उघडू नये. पाठ टेबलावर टेकवायची, दोन्ही पुठ्ठे आडवे सोडायचे, पानं हातात उभी धरायची. मग पुढची थोडी पानं खाली घ्यायची, मागची थोडी, पुन्हा पुढची, पुन्हा मागची. प्रत्येक वेळी शिवणीपाशी बोट वरून खालपर्यंत हलकेच फिरवायचं. असं करत मध्यापर्यंत आलं की बांधणी सैल होते आणि पाठ तडकत नाही. हे मी पहिल्या वर्षी शिकले, पुस्तक टिकावं म्हणून. पण बोट फिरत असतं तेव्हा डोळेही फिरतात. इथे अर्धं वाक्य, तिथे एखादं नाव, कुठे नदी, कुठे भांडण. मध्यावर पोचेपर्यंत पुस्तक कशाबद्दल आहे ते मला ठाऊक नसतं, पण ते कुठल्या आवाजात बोलतं ते कळलेलं असतं. रात्री झोप येत नाही ती त्यामुळे. चाळीस-पन्नास आवाज एका दिवसात कानावर पडलेले असतात आणि एकाचीही गोष्ट पुरी माहीत नसते.

मग दाखल नोंदवही. क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत. आणि शिक्के. शिक्का शीर्षकपानावर मारतात, शेवटच्या पानावर मारतात आणि शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावर, जे फक्त ग्रंथपालाला माहीत असतं. पुस्तक चोरीला गेलं, पहिलं पान कुणी फाडून टाकलं, तरी ते कुणाचं हे ओळखता यावं म्हणून. आमचं ते पान २९. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ठरवलं होतं, मी तेच चालू ठेवलं. आता ते गुप्त राहिलेलं नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

ते कसं फुटलं, हीच माझी सगळ्यात आनंदाची आठवण. सातवीतली एक मुलगी. गप्प गप्प असायची, पुस्तक घ्यायची आणि परत द्यायची. एकदा मधल्या सुट्टीत धावत आली, हातात तीन पुस्तकं उघडी. म्हणाली, “टीचर, सगळ्या पुस्तकांनी एकुणतिसाव्या पानार शिक्को आसा!” मी तिला गप्प राहा म्हणणार होते. तोवर तिच्यामागून पाच-सहा जणी आल्या होत्या. त्या आठवड्यात आमच्या ग्रंथालयात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मुलं कपाटं उघडून एकेक पुस्तक काढायची, २९वं पान गाठायची, शिक्का आहे का बघायची. जी कपाटं दिवाळीला झाडण्यापुरतीच उघडायची, तीही उघडली. शिक्का मजकुरावरच पडलेला असतो, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं वाचल्याशिवाय राहवत नाही. मुलं शिक्का शोधायला आली आणि जागच्या जागी उभी राहून वाचायला लागली. “हांतूंत फुडें कितें जातां?” (यात पुढे काय होतं?) असं विचारत दोन मुलगे एकाच पुस्तकासाठी भांडले. ते पुस्तक अकरा वर्षं कपाटात होतं आणि त्याच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता.

भांडण मिटवायला मी ते काढून घेतलं आणि घरी नेलं. २९व्या पानावर रात्रीच्या होडीतून नदी पार करणारी माणसं होती. वाचता वाचता मला माझं लहानपण आठवलं. माझं माहेर बार्देशातलं, पणजीहून मांडवी नदीच्या पलीकडचं. १९८६च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा मला महिन्यातून दोनदा पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. पूल गेला, पण बाबांनी वारी मोडली नाही. बेतीहून फेरीबोट धरायची. पुस्तकं आधी वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बाबांच्या शर्टाच्या आत. बोटीत पाय ठेवायला जागा नसायची. लायब्ररी तेव्हा मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. प्रवेशापाशी भिंतीवर निळ्या फरशांची चित्रं आहेत, ती बघत ओली छत्री मिटायची आणि आत शिरायचं. परतताना बोटीतच मी पहिलं पान उघडायची. बाबा माझ्यावर छत्री धरायचे आणि स्वतः काठापर्यंत अर्धे भिजायचे.

म्हणजे माझ्याच कपाटात अकरा वर्षं माझं पुस्तक होतं आणि ते मला सापडायला सातवीतली मुलगी यावी लागली. दुसऱ्या दिवशी त्या दोघा मुलग्यांना मी ते एकत्र बसून वाचायला दिलं. त्यानंतर गुप्त पान बदलावं असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. मी त्यांना विनंती केली की राहू दे. राहू दिलं.

प्रश्न : पेडण्याच्या एका शाळेत यंदा ग्रंथालय माझ्याकडे आलं आहे. पैसे थोडे आहेत. नवी पुस्तकं निवडायची कशी? विक्रेते ‘संच’ घ्या म्हणतात. – एक शिक्षिका

संच घेऊ नका, हे माझं ठाम मत. मी एकदा घेतला होता. पंचवीस पुस्तकांचं कपाट कसं गच्च दिसलं! पण त्यातली चार पुस्तकं चांगली आणि एकवीस एकाच साच्यातली निघाली. ती एकवीस आजही कोरी आहेत आणि मला ती बघवत नाहीत. पंचवीस घेण्याऐवजी हातात धरून, उघडून निवडलेली दहा घ्या.

निवडायला जाताना दोन मुलं बरोबर न्या, एक भरपूर वाचणारं आणि एक अजिबात न वाचणारं. दुसरं जास्त उपयोगी पडतं. ते काय उचलतं, कितव्या पानावर ठेवून देतं, ते बघत राहा. पुस्तक शिवलेलं आहे की नुसतं डिंकानं चिकटवलेलं, ते वरच्या कडेला डोकावून बघा. डिंकाचं पुस्तक आपल्या पावसात तीन वर्षंसुद्धा काढत नाही. अक्षर बारीक असेल तर पाचवी-सहावीसाठी नको. आणि मधलं एखादं पान उभ्या उभ्या वाचा. पहिल्या पानावर लेखक नीटनेटका होऊन बसलेला असतो, २९व्या पानावर तो कामाला लागलेला असतो. तिथे तो आवडला तर पुस्तक घ्या.

आपल्या मुलांची घरची भाषा कोंकणी, शाळेत मराठी, इंग्रजी. त्यामुळे संवाद भरपूर असलेली मराठी पुस्तकं त्यांना लवकर जवळची वाटतात, असा माझा अनुभव. कोंकणी पुस्तकं वेगळ्या कोपऱ्यात ठेवू नका, शेजारी ठेवा. मुलं इकडून तिकडे सहज जातात.

पैसे संपले तर पणजीला पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेली ती संस्था आहे, आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मी अजूनही सुट्टीत तिथे जाऊन बसते आणि न पाहिलेल्या पुस्तकांची नावं वहीत उतरवते. ती वही म्हणजे माझी पुढच्या वर्षीची यादी. कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक, तेही नावापुढे पेन्सिलीनं लिहून ठेवते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हा एक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा दुसरा. मला दुसरा जास्त आवडतो. पुस्तकही कुणाची तरी वाट बघत असतं असं मला खरोखर वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा दर आठवड्याला तेच एक पुस्तक आणतो. नवं काही घेतच नाही. त्याला अडवावं का? – एक वडील, मडगाव

अडवू नका.

आमच्याकडे सहावीत एक मुलगा होता. वडील रेंदेर, माडांवर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारे. ग्रंथालयाच्या तासाला हा खिडकीशी बसून बाहेर बघायचा. एकदा त्याच्यापुढे मी पक्ष्यांचं पुस्तक उघडून ठेवलं आणि काही बोलले नाही. धनेशाच्या चित्रापाशी तो थांबला. चित्रात झाडाची ढोली, तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, फक्त एक अरुंद फट, आणि बाहेर चोचीत फळ धरलेला नर. तो म्हणाला, “हें हांवें पळयलां.” हे मी पाहिलंय. मग त्यानं सगळं सांगितलं. घरामागच्या डोंगरातलं झाड, वडिलांनी दाखवलेली ढोली, आत बसलेली मादी, किती दिवस नर येत राहिला ते. मी त्याला पुस्तकातला मजकूर वाचून दाखवला आणि तो प्रत्येक ओळीला मान हलवत होता. आपल्या बापाला जे माहीत आहे ते कुणीतरी छापलं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला अजून दिसतं.

त्यानं ते पुस्तक सतरा वेळा नेलं. तारखेच्या चिठ्ठीवर एकाच हजेरी क्रमांकाच्या सतरा नोंदी आहेत, ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. अठराव्या वेळी त्यानं कपाटातलं त्याच्या शेजारचं पुस्तक उचललं, सापांचं. तुमच्या मुलाचं पुस्तक कुठल्या कपाटात असतं ते जाऊन बघा, आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला काय आहे तेही. फक्त त्याला सांगू नका.

प्रश्न : पावसाळ्यात घरातल्या पुस्तकांना कसर लागते, बुरशी येते, कुबट वास येतो. काय करावं? – फोंडा

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे हा प्रश्न दरसाल येणारच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं गच्च बसवू नका, हाताचं बोट सहज शिरेल एवढी जागा ठेवा. कसर खळीवर, म्हणजे पिठाच्या गोंदावर, जगते आणि तिला अंधार नि ओल लागते. म्हणून पुस्तकं नुसती हलवत राहणं हाच मोठा उपाय आहे. वाचलं जाणारं पुस्तक कसरीला फारसं मिळत नाही. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेली कडुनिंबाची पानं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबरगोळ्या ठेवल्या तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असं बघा.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्यानं पुसू नका. पुस्तक पंख्याखाली उभं उघडून पुरतं वाळवा, मग नाकातोंडाला फडकं बांधून बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झटका. कडक उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात. आणि फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन जातो.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या ग्रंथालयातल्या गोष्टीच्या पुस्तकांच्या पाठीवर ८९१.४६ असं का लिहिलेलं असतं? – सांगे

फार छान प्रश्न विचारलास. तो पुस्तकाच्या घराचा पत्ता आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली ही पद्धत काढली. सगळ्या विषयांना आकडे दिले. आठशेच्या घरात साहित्य राहतं आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. लोककथा ३९८.२ मध्ये, पक्षी ५९८ मध्ये, फुलपाखरं ५९५.७८९ मध्ये. आकडे शेजारी शेजारी असले तर विषयही शेजारचेच असतात.

आता एक काम कर. तुमच्या ग्रंथालयात ५२३ कुठे आहे ते शोध. तिथे काय असतं ते मी सांगणार नाही. सापडलं की त्यातलं एक पुस्तक काढ, २९वं पान उघड, आणि त्यावर काय आहे ते मला पत्रानं कळव.