आजीच्या तोंडी ‘हॅलो’ नको

प्रिय,

तुझा मेल काल रात्री वाचला. बीजिंगच्या लेखिकेबरोबर नाटक लिहायला घेतलंस, आणि पहिल्याच प्रवेशात गाडी अडली. तिच्या संहितेतली आजी दारातच विचारते, ‘जेवलीस का?’ तुम्ही इंग्रजीत केलंत ‘हॅलो’. चूक म्हणता येणार नाही, चिनीत तो प्रश्न पुष्कळदा नुसती विचारपूस असते. पण तू तर हेच वाक्य लहानपणापासून आजीकडून फोनवर ऐकत आलीस! ‘हॅलो’ खोड. प्रश्न ठेव, आणि नातीला त्याचं उत्तर देऊ दे. कदाचित ती खोटं बोलेल, जेवले म्हणेल. मग प्रवेश हलेल.

‘अंकल’चंही तेच. चिनीत आईच्या भावाला वेगळा शब्द, वडिलांच्या भावाला वेगळा, त्यातही थोरला-धाकटा. मामा की काका, हे तिला आधी विचार.

2016 साली शेक्सपिअर आणि त्याच्याच काळातला चिनी नाटककार थांग श्यानत्सू या दोघांनाही जाऊन चारशे वर्षं झाली. तेव्हा लीड्स विद्यापीठाच्या मुलांनी थांगचं नाटक घेतलं, बीजिंगच्या मुलांनी शेक्सपिअरचं, आणि दोन्ही एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवाला नेली. ही अदलाबदल मला फार आवडते. दुसऱ्याच्या घरचं नाटक हाती आलं की ओळीओळीला विचारावं लागतं.

2012 मध्ये तुमच्या ब्रिटनमधल्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने एक जुनं चिनी नाटक केलं. 17 नटांत पूर्व आशियाई वंशाचे तिघेच. तिथल्या पूर्व आशियाई कलावंतांनी जाब विचारला, आणि बरोबरच केलं. तुमची आजी कोण करणार, हे आत्ताच ठरवा.

पडद्यावर अनुवाद दाखवणार असाल तर ओळी तोडून लिहा. आमच्या एका प्रयोगात अख्खा विनोद एकाच पाटीवर आला. प्रेक्षक हसून मोकळे झाले, नट अजून अर्ध्या वाक्यात. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. विनोदाचं शेवटचं वाक्य कायम पुढच्या पाटीवर टाक.

बीजिंग उन्हाळ्यात तुमच्या ब्रिटनच्या 7 तास पुढे असतं, हिवाळ्यात 8. तिला रात्री जागवू नकोस, तुझ्या सकाळी बोलत जा.

दुसरा खर्डा दोन्ही भाषांतला पाठव. मला चिनी वाचता येत नाही, पण कुठलं बोलणं तिकडे लांब आहे आणि तुमच्याकडे आखडलंय, ते नुसतं बघूनही कळतं.

तुझी,
मावशी