‘सांचेस’ हे आडनाव नव्हे, ती षष्ठी आहे

प्रश्न असा आला आहे : ‘पाम्प्लोनाच्या राजांची यादी वाचताना गोंधळ झाला. गार्सिया सांचेस पहिला हा राजा, त्याचा बाप सांचो गार्सेस. बापलेकांची आडनावं वेगळी कशी? आणि घराण्याला सांचेस घराणं म्हणायचं की गार्सेस?’

दोन्ही म्हणू नका. पाम्प्लोना हे उत्तर स्पेनमधलं जुनं राज्य, आणि दहाव्या शतकात तिथे ही आडनावं नव्हतीच. सांचेस म्हणजे सांचोचा, गार्सेस म्हणजे गार्सियाचा. शेवटचा ‘एस’ आपल्या ‘चा’चं काम करतो. तो आला कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण काम स्पष्ट आहे. त्या काळच्या लॅटिन नोंदीत हे उघड दिसतं. या राजाच्या बापाबद्दल तिथे लिहिलंय, ‘सान्सिओ गार्सेआनिस’. ‘गार्सेआनिस’ ही सरळ षष्ठी, गार्सियाचा. त्याच नोंदीत साल आहे ९४३, पण घाबरू नका. तिथला शक इसवी सनाच्या ३८ वर्षं पुढे धावायचा, म्हणजे राज्यारोहण ९०५ चं. अरबी लेखक याच नावात ‘इब्न’ घालत.

खरं तर मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. बाळाजी विश्वनाथ, त्याचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा बाळाजी बाजीराव, त्याचा माधवराव बल्लाळ. इथे कुठे ‘भट’ हे आडनाव दिसतं? बल्लाळ म्हणजे बाळाजीचा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असली की अशी नावं आलटून पालटून येतात. पाम्प्लोनात तेच झालं : सांचो गार्सेस, गार्सिया सांचेस, मग सांचो गार्सेस दुसरा, मग गार्सिया सांचेस दुसरा. चार पिढ्या, दोन नावं.

नाव असं वाचायला लागलं की नातीगोतीही उलगडतात. पहिला सांचो ९२५ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा गार्सिया लहान होता, म्हणून ९३१ पर्यंत गादीवर बसला खिमेनो गार्सेस. तोही थोरल्या गार्सियाचा मुलगा, म्हणजे सांचोचा भाऊ, आपल्या राजाचा सख्खा काका. त्यानंतर गार्सियाने ९७० पर्यंत राज्य केलं, पण सुरुवातीची वर्षं कारभार पाहिला तो आईने, राणी तोदा अस्नारेसने. अस्नारेस म्हणजे अस्नारची. मुलगा असो की मुलगी, प्रत्यय तोच, लिंगाप्रमाणे बदलत नाही. आणि लग्नानंतरही बाईचं नाव बापाचंच राहायचं. गार्सियाची पहिली राणी आंद्रेगोतो गालिंदेस ही शेजारच्या आरागोनच्या गालिंदोची मुलगी. घराण्याचं नाव हवंच असेल तर इतिहासकार ते ‘खिमेनेस’ असं देतात, तेही खिमेनो नावाच्या पूर्वजावरून.

पण ही पद्धत फक्त बाप सांगते, आई लपवते, आणि मला सगळ्यात जास्त ओढ याच जागेची आहे. तोदाची आई ओनेका फोर्तुनेस, पाम्प्लोनाचा आधीचा राजा फोर्तुन याची मुलगी. तिचं एक लग्न दक्षिण स्पेनमधल्या मुस्लिम राज्याचा, कोर्दोबाचा, अमीर अब्दुल्ला याच्याशी झालं, त्याच्यापासून मुलगा मुहम्मद. दुसरं अस्नारशी, त्याच्यापासून तोदा. एक मुहम्मद इब्न अब्दुल्ला, दुसरी तोदा अस्नारेस, नावांवरून कुणाला कळेल का की ही एका आईची लेकरं? आणि या मुहम्मदाचा मुलगा म्हणजे खलिफा अब्द अल-रहमान तिसरा. इंग्रजी पुस्तकं तोदाला त्याची ‘आंट’ म्हणून मोकळी होतात. आपण नेमकं सांगू शकतो : आत्या.

९५८ मध्ये लेओन या शेजारच्या ख्रिस्ती राज्याच्या गादीवरून सरदारांनी तोदाच्या नातवाला, तिच्या उर्राका या मुलीच्या सांचोला, हाकलून दिलं. तो इतका लठ्ठ होता की घोड्यावर चढणं जमेना. म्हातारी तोदा त्याला आणि मुलगा गार्सियाला घेऊन थेट कोर्दोबाला भाच्याच्या दारात गेली. खलिफाचा ज्यू वैद्य हसदाय इब्न शाप्रुत याने सांचोला बारीक केलं, खलिफाच्या फौजेने गादी परत मिळवून दिली. त्या सांचोचा बाप रामिरो, म्हणून त्याच्या नावापुढे ‘रामिरेस’.

पुढे शतकं लोटली तशी ही षष्ठी गोठली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव झाली. पोर्तुगीजांकडे हाच प्रत्यय ‘स’ने लिहितात आणि तोच गोव्यात आला. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, आल्वारिस आल्वारोचा, नुनिस नुनोचा, लोपीस लोपोचा. गोव्यात ही नावं धर्मांतराच्या वेळी, अनेकदा पाद्र्याची किंवा धर्मपित्याची म्हणून मिळाली, त्यामुळे म्हापशाच्या फर्नांडिसांचा कुणी फर्नांदो पूर्वज शोधू नये.

लिहिताना ‘सांचेझ’ऐवजी ‘सांचेस’ लिहावं, तिथे ‘झ’चा उच्चार नाही. आणि ‘सांचो’ वाचताना च चहातला घ्यावा, चांदण्यातला नव्हे.